लॅब दोनचं नेट : जुलैच्या नोंदी

मांडणी एकदाच लिहून ठेवते. कॉलेजच्या या कॉम्प्युटर लॅबमध्ये ३६ मशीन, अ ते ड चार रांगा, रांगेत ९. अ आणि ब रांगांच्या केबली खिडकीवरून बाहेर व्हरांड्यातल्या रॅकमध्ये जातात, तिथल्या २४ पोर्टच्या मॅनेज्ड स्विचला (स्विच म्हणजे सगळ्या केबली एकत्र जोडणारा डबा, मॅनेज्ड म्हणजे ज्याच्या सेटिंग बदलता येतात). त्याला मी ‘मोठा स्विच’ म्हणते. क आणि ड रांगा लॅबच्या मागच्या भिंतीवरच्या साध्या स्विचला, तो ‘मागचा’. मोठ्यापासून मागच्यापर्यंत एकच केबल. सर्व्हर खाली ऑफिसशेजारच्या खोलीत, मशीनना आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवरचे त्यांचे नंबर, तोच वाटतो. आमचे सगळे पत्ते १९२.१६८.१० ने सुरू होतात.

मंगळवार, २ जुलै

११ ते १ ची डीबीएमएसची (डेटाबेसची) बॅच. साडेअकराला एक मुलगा धावत खाली आला, ‘मॅडम, नेट गेलंय.’ मी वर पोचेपर्यंत निम्म्यांचं आलं होतं. राहिलेल्यांत तीन मशीन अ रांगेतली, बाकी क-डमधली. रिस्टार्ट केल्यावर काही सुरू झाली. एक मात्र चांगलं चालू होतं ते रिस्टार्टनंतर बंद पडलं. तो मुलगा माझ्याकडे असा बघत होता की जणू मीच बिघडवलं. तसं बघितलं तर मीच.

पहिलं काम केलं तेच चुकीचं. इंटरनेट कंपनीला फोन लावला. ते म्हणाले लाईन व्यवस्थित आहे, आणि होतीच. मुलांचं प्रॅक्टिकल चालतं आपल्याच सर्व्हरवर आणि तोही सापडत नव्हता. म्हणजे भानगड घरातलीच. मोरीतला नळ येत नाही म्हणून शहराला पाणी सोडणाऱ्या बालिंगा पंपिंगला फोन करण्यातला प्रकार झाला.

बुधवार, ३ जुलै

तक्रार नाही. दिवसभर झड.

शिपाई मामांनी सुतारासाठी अर्ज लिहून घेतला. ‘ताई, लॅबचं दार फुगलंय. खांदा लावल्याबिगर बसत न्हाई. रात्री मी नुसतं बाहेरच्या ग्रिलला कुलूप घालतो, आतलं दार तसंच ठेवतो.’ जुनं सागवानी दार आहे, दर पावसाळ्यात हेच. सही करून अर्ज प्राचार्यांच्या ट्रेमध्ये ठेवला.

गुरुवार, ४ जुलै

परत गेलं. ११.२० ते १२.३० च्या दरम्यान, कधी हे कधी ते, एकूण १४ मशीन. चारही रांगांत थोडी थोडी.

दुपारी क रांगेतल्या नऊही मशीनचे कनेक्टर नवे लावले. जुने कापून बघितले तर जोड्यांचा पीळ दीड-दीड इंच उलगडलेला. अर्ध्या इंचाच्या वर उलगडायचा नसतो. ज्या दोन तारा एकमेकींना पिळलेल्या असतात त्या बाहेरचा खरखराट एकमेकींत मारून टाकतात, पीळ सुटला की ते काम होत नाही. कनेक्टरमधला तारांचा क्रम : नारिंगीपांढरा, नारिंगी, हिरवापांढरा, निळा, निळापांढरा, हिरवा, तपकिरीपांढरा, तपकिरी. नऊ मशीनना दोन-दोन टोकं म्हणजे अठरा वेळा हाच जप. अंगठ्याला फोड आलाय.

(नंतरची भर : या कामाचा मूळ दुखण्याशी काडीचा संबंध नव्हता. केलं ते बरंच झालं, पण त्या दिवशी मला वाटत होतं मी रोग बरा केला.)

एक गोष्ट लक्षात आली. तक्रार रजिस्टरमध्ये मुलं फक्त ‘नेट नाही’ लिहितात. काही जण मशीनचा नंबरही लिहीत नाहीत. ‘नेट नाही’ हे म्हणजे डॉक्टरला ‘बरं नाही’ सांगणं. आजपासून तीन रकाने आखले : वेळ, मशीन, पत्ता. फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलं : नेट गेलं की रिस्टार्ट करायचं नाही. काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग टाका, जो आकडा दिसेल तो रजिस्टरमध्ये उतरवा, मग मला बोलवा.

शुक्रवार, ५ जुलै

रजिस्टरमध्ये एक नोंद. वेळ १२.१०. मशीन २२. पत्ता : मु. पो. आंबेवाडी, ता. करवीर.

चूक माझीच. रकान्याचं नाव ‘आयपी’ केलं. त्या पोराला विचारलं तर म्हणाला, ‘मला वाटलं कॉलेज घरी पत्र धाडणार.’

सोमवार, ८ जुलै

क मध्ये तीन, ड मध्ये दोन. पाचही पत्ते १६९.२५४ ने सुरू होणारे. पाऊण तासाने सगळी आपोआप परत.

हा पत्ता आपला सर्व्हर देत नाही. मशीन सुरू झालं की ते नेटवर्कवर हाक मारतं, ‘मला कुणी पत्ता देतं का?’ कुणीच ओ दिली नाही, तर विंडोज स्वतःच असला एक पत्ता घेऊन बसतं आणि दर पाच मिनिटांनी पुन्हा हाक मारत राहतं. म्हणजे या पाच मशीनना सर्व्हर ऐकूच येत नव्हता. सर्व्हर बघितला, तो तर चालू होता. सकाळपासून त्याने एक मिनिटही झोप घेतलेली नाही. अ आणि ब रांगा त्याच वेळी व्यवस्थित.

मंगळवार, ९ जुलै

आज सापडलं. निदान आज तसं वाटतंय.

११.२५ ला रजिस्टरमध्ये पहिला पत्ता १९२.१६८.१.१०३. मग १०५. मग १०६. तिसरा आकडा १० हवा, इथे १ आहे. हे १६९ पेक्षा निराळं प्रकरण. १६९ म्हणजे कुणी ओ दिली नाही, हे म्हणजे भलत्यानेच ओ दिली. मशीन ज्याचं उत्तर आधी येईल त्याचं ऐकतं, खरा कोण खोटा कोण हे ते विचारत नाही. आणि सकाळपासून सुरू असलेल्या मशीनना काही होत नव्हतं. त्यांच्याकडे आधीचा पत्ता होता, आमच्या सर्व्हरचा पत्ता ८ दिवस चालतो. अकरानंतर जे मशीन सुरू किंवा रिस्टार्ट झालं तेच फसायचं. सुरू होताना ते जुनाच पत्ता परत मागतं, आणि हा उपटसुंभ ‘हा पत्ता इथला नव्हे’ म्हणून त्याला हाकलतो आणि स्वतःचा देतो. दोन तारखेला चांगलं चालणारं मशीन रिस्टार्टनंतर का पडलं, त्याचं उत्तर मिळालं. त्या मुलाला सांगायला हवं.

मशीन ७ वर एआरपीची यादी (कुठला आयपी कुठल्या यंत्राचा) काढली. १९२.१६८.१.१ समोर मॅक पत्ता आला, म्हणजे यंत्राला कारखान्यातच मिळालेला नंबर, सहा जोड्यांचा. पहिल्या तीन जोड्या कारखानदाराच्या असतात, त्यावरून कळलं की घरगुती राउटर बनवणारी कंपनी. मग मोठ्या स्विचच्या सेटिंगच्या पानावर जाऊन मॅक टेबलमध्ये (कुठल्या पोर्टवर कुठलं यंत्र) तोच आकडा शोधला. पोर्ट १९. पोर्ट १९ वरची चिठ्ठी कधीच गळून पडलेली. केबल हाताने धरून निघाले : रॅकमधून वर, व्हरांड्याच्या तुळईवरून, दोन वळणं, आणि स्टाफरूमच्या भिंतीत.

स्टाफरूममध्ये गोदरेजच्या कपाटामागे, गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर, एक पांढरा वायफाय राउटर तीन दिवे लावून बसलेला. मंगळवार-गुरुवार तास घ्यायला येणाऱ्या सरांनी घरून आणलेला. दगडी भिंतीत मोबाईलला रेंज नसते, त्यांना तासाआधी पीपीटी उतरवून घ्यायची असते. आले की लावायचे, जाताना बंद. हेतू अगदी साधा. फक्त केबल इंटरनेटच्या निळ्या भोकात न लावता शेजारच्या पिवळ्या भोकात लावलेली, त्यामुळे राउटर आपल्या खोलीपुरते पत्ते वाटायचे सोडून अख्ख्या कॉलेजला वाटत होता.

सर फार ओशाळले. म्हणाले, ‘काढून टाका.’ मी नाही काढला. रेंजचा प्रश्न खरा आहे. राउटरमधलं पत्ते वाटणं बंद केलं, त्याला आमच्यातला १९२.१६८.१०.२५० देऊन टाकला, पिवळ्याच भोकात ठेवला. आता तो नुसता वायफाय पुरवतो. मोठ्या स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू केलं : पत्ते वाटण्याची परवानगी फक्त पोर्ट २४ ला, जिथून खालचा सर्व्हर येतो. उद्या आणखी कुणी घरून राउटर आणला तरी त्याचा आवाज स्विचच्या पुढे जाणार नाही.

संध्याकाळी एचओडी मॅडमना जाऊन सांगितलं, ‘मिटलं.’

बुधवार, १० जुलै

मिटलेलं नाही.

१२.२० ला क आणि ड, अठराच्या अठरा. जावाच्या मॅडमची बॅच, मुलांचं अर्धं सबमिशन सर्व्हरवर चढत असताना. एक मुलगी रडवेली होऊन सांगत आली, ‘मॅडम, मी तर नुसतं सेव्ह करत होतो.’ (आमच्याकडच्या मुली ‘करत होतो’च म्हणतात. पुण्याच्या परीक्षकांना दरवर्षी दोन दिवस लागतात सवय व्हायला.) मी पोचले तेव्हा नेट परत येत होतं. नंतर रिस्टार्ट केलेल्या दोन मशीनवर पत्ता १६९.२५४. भलता कुणी बोलत नव्हता, कुणीच बोलत नव्हतं.

कालच्या शोधाने मी इतकी खूश झाले की सोमवारच्या पाच नोंदी विसरले. त्या दिवशी राउटर बंद होता, सर सोमवारी येतच नाहीत. तरी नेट गेलं होतं आणि फक्त क-डचं. म्हणजे दुखणी दोन आहेत. मंगळवारी ती एकाच वेळी उठायची, म्हणून एक वाटत होती.

क-डचं एकत्र जायचं तर वाटेत तीनच गोष्टी : मागचा स्विच, त्याचा वीजपुरवठा आणि दोन स्विचमधली केबल. केबल टेस्टरवर लावली, आठही दिवे एकामागून एक लागले. एक टोक व्हरांड्यात, दुसरं मागच्या भिंतीला. मामा दारात उभं राहून मला तिकडचा दिवा ओरडून सांगत होते. केबल चांगली.

जाताना बघितलं, मागच्या स्विचवर या केबलचा दिवा पिवळा होता. थोड्या वेळाने हिरवा. आमच्या स्विचवर हिरवा म्हणजे १००० चा वेग (मेगाबिट), पिवळा म्हणजे १०० चा. लिहून ठेवते.

शुक्रवार, १२ जुलै

वीज. मागचा स्विच एक्स्टेंशन बोर्डावरून काढून थेट यूपीएसवर घेतला. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये १.८ व्होल्ट, त्यात वावगं काही नाही. पंख्यांचे जुने रेग्युलेटर बंद करून बघितले. मुलं घामाघूम झाली, नेट ११.५० ला तरीही गेलं.

सोमवार, १५ जुलै

लॅब एकमधला स्विच आणून मागच्याच्या जागी लावला. १.०५ ला नेट गेलं. स्विच परत नेला. लॅब एकवाल्यांनी सही घेतली, जणू म्हैस उसनी दिली होती.

मंगळवार, १६ जुलै

राउटरवाले सर आज होते. एकही १९२.१६८.१ पत्ता नाही. ते दुखणं तरी संपलं.

उद्या आषाढी, कॉलेजला सुट्टी. संध्याकाळी सहाला मशीन ३६ वर, म्हणजे ड रांगेच्या शेवटच्या मशीनवर, गेटवेला (नेटवर्कच्या बाहेर जायच्या दाराला) सतत पिंग लावून ठेवलं, म्हणजे दर सेकंदाला हाक मारून उत्तर येतं का बघायचं. परवा सकाळपर्यंत चालू दे. रिकाम्या लॅबमध्ये काय होतं बघू.

गुरुवार, १८ जुलै

सकाळी ८.३० ला बघितलं. १ लाख ३८ हजारांवर पिंग गेले, हरवले ४. साडेअडतीस तास रिकामी लॅब आणि नेट खडखडीत.

म्हणजे वीज, पाऊस, गंज, दमट हवा, यातलं काही नाही. पाऊस तर कालही कोसळत होता, मामा नंदवाळच्या दिंडीत भिजून आले आणि आज शिंकताहेत. ओळखण्यासारखं एवढंच की लॅबमध्ये माणसं नसली की नेट जात नाही. ट्रॅफिक वाढला की जातं का? दुपारी बारा मुलांना थांबवून क रांगेतून अ रांगेत दोन-दोन जीबीच्या फाईली एकदम कॉपी करायला लावल्या. काहीही झालं नाही. मुलांना वडापाव द्यावा लागला.

शुक्रवार, १९ जुलै

जावाच्या मॅडमच्या बॅचला मीच मशीन ३६ वर जाऊन बसले. पिंगची खिडकी समोर. ओळीमागून ओळ, प्रत्येक उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत. मॅडम आल्या, हजेरी झाली. व्हरांड्यातून पावसाचे शिंतोडे पहिल्या रांगेवर येत होते. मॅडमनी दार लोटलं, बसलं नाही. पुढच्या बाकावरच्या मुलाने उठून खांदा दिला. धप्पकन आवाज झाला.

रिक्वेस्ट टाइम्ड आउट.

त्याच क्षणी. दुसरी ओळ, तिसरी ओळ, तीच. मागच्या स्विचवर बघितलं, केबलचा दिवा विझलेला. क-डमधून कुजबुज सुरू झाली, आणि नेहमीप्रमाणे एक मुलगा मला बोलवायला निघाला. (मी मागे बसलेली त्याला दिसली नव्हती.) त्याने दार उघडलं. तीन-चार सेकंदांत दिवा लागला, पिवळा. मग ओळी परत सुरू.

मी खुर्चीत हसत बसले, मॅडमना वाटलं डोकं फिरलं हिचं. तीन आठवडे हेच चाललं होतं. नेट जायचं ते दार लावल्यावर, आणि परत यायचं ते कुणीतरी मला बोलवायला दार उघडल्यावर. मी येईपर्यंत ‘आपोआप’ आलेलं असायचं. टेस्टरने तपासलं तेव्हा मामा दारात उभे होते. रात्री आतलं दार मामा लावतच नाहीत, फक्त ग्रिल. आणि हे त्यांनी मला तीन तारखेलाच सांगितलं होतं, ते या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय.

प्रॅक्टिकल संपल्यावर मामांकडून दहा वेळा दार लावून घेतलं. सात वेळा दिवा गेला. उरलेल्या तीन वेळा दार नीट बसलंच नव्हतं. मामा म्हणाले, ‘म्हंजे अर्जाला लवकर मंजुरी पायजे हुती.’ यावर काय बोलणार.

शनिवार, २० जुलै

शिडी लावून चौकट बघितली. मोठ्या स्विचकडून येणारी केबल पूर्वी दाराच्या वरून, पट्टीतून जायची. मे महिन्यात रंगकाम झालं तेव्हा रंगाऱ्यांनी पट्ट्या उतरवल्या आणि परत लावताना या एका केबलसाठी पट्टी उरली नाही, म्हणून ती बिजागरीच्या बाजूने, दार आणि चौकटीच्या फटीतून खाली सोडली. वरून तेच पिवळसर डिस्टेंपर. उन्हाळ्यात फट बोटभर असते, केबल आरामात राहते. जुलैत दार फुगलं की फट उरत नाही. शिवाय खांदा देऊन लावायचं म्हणजे दर वेळी बिजागरीच्या कडेने केबलवर घाव.

तेवढा तुकडा कापून टेबलावर घेतला. बाहेरून फक्त चेपलेली दिसते, नखाने दाबली तर मऊ लागते. वेष्टन उभं चिरून उघडलं. तपकिरी तार साफ तुटलेली, दोन्ही टोकं एकमेकांना टेकून. हिरवापांढरीचं वरचं प्लॅस्टिक फाटलेलं, आतली तार केसाएवढ्या धाग्यावर लटकलेली. वाकवली की वेगळी होते, सरळ केली की टेकते. वेगळ्या अवस्थेत टेस्टरवर धरली तर तिसरा दिवा लागत नाही, सोडली की लागतो. १००० च्या वेगाला चारही जोड्या लागतात, १०० ला नारिंगी आणि हिरवी एवढ्याच पुरतात. तपकिरी सुटली की स्विच १०० वर उतरायचा, तो पिवळा दिवा. हिरवी सुटली की सगळंच बंद.

मग ब्लेडने तार खरवडली. वरून तांबडी, आत पांढरी. तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. वेष्टनावर ‘कॅट ५ई’ छापलेलं, पण त्या मानकात तार आख्खी तांब्याची लागते. अॅल्युमिनियम दहा वेळा वाकवलं की तुटतं, पोरंसोरं सुद्धा बिअरच्या डब्याच्या कडीवर हे करून बघतात. (पोरांनी हे वाचू नये.) केबल कुणी पुरवली ते डेड स्टॉक रजिस्टरमध्ये आहे, इथे लिहीत नाही. पण पुढच्या मागणीपत्रात ‘शुद्ध तांबे, खरवडून दाखवणे’ अशी अट घातली आहे.

तात्पुरतं म्हणून दाराला मामांनी विटेचा अडसर लावलाय. मुलांना सांगितलं, वीट हलवायची नाही. पहिल्या रांगेला शिंतोडे बसतात, त्यांनी छत्र्या उघडून शेजारी ठेवल्यात.

मंगळवार, २३ ते गुरुवार, २५ जुलै

तीन दिवसांचं एकत्र लिहिते. तीन कोटेशनं आली. सगळ्यात स्वस्त कोटेशनमध्ये ‘तांबे’ शब्द नव्हता, त्याला फोन केला, त्याने फोन ठेवला. मधलं घेतलं.

पाऊस थांबत नाही. आंबेवाडी, चिखलीकडची मुलं येत नाहीत. स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या मोबाईलवर पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याचे पाणीपातळीचे आकडे, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. त्या बाबतीत राउटर उपयोगी पडला म्हणायचं. मशीन २२ वाल्या मुलाला फोन केला, ते सगळे पाहुण्यांकडे वर हललेत. जनावरं आधी हलवली म्हणाला.

बुधवारी उद्यमनगरात जाऊन पत्र्याची वाकवलेली पट्टी करून घेतली, व्हरांड्यात केबलवर घालायला. कारागिराने माप विचारलं, मी फूट-इंच सांगितलं, तो म्हणाला एमएममध्ये सांगा. सांगितलं. वीस मिनिटांत कापून, वाकवून, कडा घासून हातात. ‘कशाला पायजे?’ ‘इंटरनेटच्या केबलला.’ ‘त्याला एवढी जाड?’ ‘आमच्या दाराला बघितलेलं नाही तुम्ही.’

शनिवार, २७ जुलै

नवीन वाट. दाराचा नादच सोडला. भिंत दीड फुटाची, काळ्या दगडाची. चौकटीपासून चार फूट लांब, छताखाली हॅमर ड्रिलने भोक पाडायला पावणेदोन तास लागले, दोन बिट गेले. भोकात पीव्हीसी पाईप घातला, बाहेरच्या बाजूला उतार ठेवून, म्हणजे पावसाचं पाणी आत ओघळणार नाही. मामांचं सांगणं होतं, ‘पाण्याला वाट दावली की ते गुमान जातंय.’

कॅट ६, आख्ख्या तांब्याची. दुकानातच खरवडून घेतली, आतूनही तांबडी. रॅकपासून मागच्या स्विचपर्यंत ३१ मीटर, वळणांना ढिल ठेवून. १०० मीटरची मर्यादा, अडचण नाही. ट्यूबलाईटच्या वायरिंगच्या पट्टीतून न नेता स्वतंत्र पट्टी, मध्ये एक फूट अंतर. ही केबल जुनीपेक्षा जाड आणि ताठ आहे, क्रिम्पिंगला हात दुखतात. पहिला कनेक्टर वाया गेला. निळा आणि हिरवा उलट झाले, अठरा वेळा जप करूनही.

टेस्टर : आठ दिवे. या वेळी एका माणसाला केबल जागोजागी हलवायला सांगून टेस्टर लावला. मागच्या स्विचवर दिवा हिरवा. वीट काढली, दार खांदा देऊन लावलं, उघडलं, लावलं. हिरवाच.

जुनी केबल पूर्ण ओढून काढली. मामा टाकणार होते, मी चेपलेला तुकडा चिठ्ठी लावून रॅकमध्ये ठेवला. पहिल्या वर्षाच्या नेटवर्किंगच्या तासाला कामाला येईल.

सोमवार, २९ जुलै

मशीन ३६ वरचं पिंग शनिवार संध्याकाळपासून चालू. दोनदा लाईट गेली, यूपीएसवर तरलं. हरवलेले ६. दार आज पाच वेळा लावलं गेलं. चौघांना तर दार लावायचंच होतं म्हणून त्यांनी लावलं, पाचवं मी लावलं.

बुधवार, ३१ जुलै

सुतार आला. अर्ज देऊन अठ्ठाविसावा दिवस. रंधा मारून दाराची कड काढली, आता एका बोटाने लागतं. सुताराने विचारलं, ‘ही चौकटीत घळ कशाची पडलीय?’ दाखवलं.

रजिस्टरमध्ये या आठवड्यात नेटची तक्रार एकच, मशीन २७, वेळ १२.४०. आयपी बरोबर, १९२.१६८.१०.७१. पण कॉपी हळू चालते. स्विचवर त्याच्या पोर्टचा दिवा पिवळा. हे मशीन क रांगेतलं, म्हणजे याचा कनेक्टर ४ तारखेला मीच लावलाय. उद्या कापून बघते.